ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सव

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यात, लुइस गावाजवळच्या ग्लाइंडबोर्न या वाड्याच्या आवारात दर उन्हाळ्यात भरणारा ऑपेरा महोत्सव. वाड्याचे मालक जॉन क्रिस्टी आणि त्यांच्या पत्नी, सोप्रानो (उंच पट्टीच्या आवाजाच्या) गायिका ऑड्री मिल्डमे, यांनी तो १९३४ साली सुरू केला. वाड्याला जोडून बांधलेल्या पहिल्या नाट्यगृहात जेमतेम ३०० आसने होती. २८ मे रोजी मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराने पडदा उघडला, तेव्हा सुझानाची भूमिका ऑड्रींनीच केली.

एरवी हा एका सधन जमीनदाराचा घरगुती छंद ठरला असता. पण जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि संगीतसंचालक फ्रिट्झ बुश यांना ड्रेस्डेनचे, तर दिग्दर्शक कार्ल एबर्ट यांना बर्लिनचे ऑपेरागृह सोडावे लागले. क्रिस्टींनी दोघांना बोलावून घेतले. भरपूर तालमी आणि गाण्याइतकाच अभिनयावर कटाक्ष ही इथली शिस्त या जोडीने घालून दिली. क्रिस्टी स्वतः जर्मन संगीतकार वाग्नरचे भक्त. त्यांचा जीव वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या भव्य ऑपेरात अडकलेला, पण एवढ्याशा रंगमंचावर मोझार्टच शोभेल, हे त्यांना पटवण्यात आले. ‘पार्सिफाल’ ग्लाइंडबोर्नला झाला तो थेट २०२५ मध्ये.

महायुद्धाच्या काळात लंडनहून हलवलेली मुले वाड्यात राहत होती. १९४६ मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या नव्या ऑपेराने नाट्यगृह पुन्हा उघडले. सुमारे १२०० आसनांचे आजचे विटांचे नाट्यगृह १९९४ मधले. तेही २८ मे रोजीच, ‘फिगारो’नेच सुरू झाले. उन्हाळी महोत्सवाला सरकारी अनुदान नाही. तिकिटे, सभासद आणि देणगीदार यांवर तो चालतो, त्यामुळे तो श्रीमंतांचा असल्याची टीका होत आली आहे आणि ती अगदीच खोटी नाही.

सुमारे दीड तासाचे मध्यंतर ही इथली खासियत. लंडनहून दुपारच्या गाडीने आलेले प्रेक्षक उंची पोशाखात हिरवळीवर चादरी पसरून जेवतात. पलीकडच्या कुरणात मेंढ्या चरत असतात.

२००५ मध्ये हँडलच्या ‘जूलिओ चेझारे’ (ज्युलियस सीझर) या ऑपेराला ब्रिटिश साम्राज्याच्या काळाचा साज आणि बॉलिवूडच्या धर्तीची नृत्ये दिली गेली. त्यात क्लिओपात्रा झालेल्या डॅनिएल द नीस यांचे आईवडील मूळचे श्रीलंकेचे. पुढे २००९ मध्ये जॉन क्रिस्टींचे नातू गस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि वाड्याला पुन्हा एकदा गायिका मालकीण मिळाली.