नऊ महिन्यांची प्रतीक्षा आणि अमेरिकेतला हातघडणीचा चाकू

न मिटणारा, हातघडणीचा चाकू ऑर्डर देऊन करून घ्यायचा म्हटलं की कारागीर आधी विचारतो: काम कसलं, पातं किती इंची, पोलाद कोणतं, मूठ कशाची, म्यान हवं का. मग सांगतो की थांबावं लागेल. ही रीत अमेरिकेत गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत रुळली. पोलादाइतकाच त्या थांबण्याचाही तिच्या घडणीत वाटा आहे, असं माझं मत आहे.

1936 मध्ये फ्लोरिडातला बागायतदार बो रँडल मिशिगनमधल्या वॉलून सरोवरावर सुट्टीला गेला होता. तिथे एक माणूस चाकूने होडीवरचा जुना रंग खरवडत होता आणि एवढं करूनही पात्याला काही झालं नव्हतं. तो चाकू विल्यम स्कॅगल या मिशिगनच्याच कारागिराने घडवलेला होता. रँडलने तो विकत घेतला आणि 1937 मध्ये स्वतः पहिला चाकू केला. स्कॅगलची मूठ नीट बघण्यासारखी असते. पात्याच्या मागे निघालेल्या बारीक दांडीवर चामड्याच्या चकत्या एकीला एक लावून ओवायच्या, घट्ट दाबायच्या, शेवटी शिंगाचा तुकडा बसवायचा आणि मग सगळं मिळून हाताला बसेल असं घासायचं. चामड्याच्या चकत्यांची ही मूठ रँडलनेही उचलली आणि आजही ती मागून घेता येते.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मागण्या येऊ लागल्या आणि रँडलचा छंद धंदा झाला. लढाईसाठीचा त्याचा चाकू ‘मॉडेल 1’ म्हणून ओळखला जातो. मॉडेलचा नंबर, पात्याची लांबी, मुठीचा प्रकार एवढं कळवलं की लांबचं गिऱ्हाईकही हवी ती वस्तू मागवू शकत होतं. पुढे अमेरिकेच्या मर्क्युरी या अंतराळ मोहिमेतल्या अंतराळवीरांसाठी ‘मॉडेल 17’ झालं. त्यांच्यातल्या गस ग्रिसमचं ‘लिबर्टी बेल 7’ यान 1961 मध्ये समुद्रात बुडालं. 1999 मध्ये ते वर काढलं तेव्हा त्याचा रँडल चाकू आतच सापडला.

आता त्या नऊ महिन्यांविषयी. 1953 च्या अखेरीस बॉब लव्हलेस हा व्यापारी जहाजावरचा खलाशी न्यूयॉर्कच्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात रँडलचा चाकू घ्यायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल, असं उत्तर मिळालं. त्याने भंगारातल्या 1937 च्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगचं पोलाद मिळवलं आणि जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवून स्वतःच चाकू घडवला. नंतर त्याच दुकानाने त्याचे चाकू विकायला घेतले.

पुढे लव्हलेसने घण सोडला. पोलादाच्या पट्टीतून आकार कापायचा आणि घासून पातं काढायचं, ही पद्धत त्याने नावारूपाला आणली. 1972 च्या सुमारास त्याने 154सीएम हे पोलाद चाकूत आणलं. जेट इंजिनाच्या भागांसाठी तयार झालेलं हे पोलाद लवकर गंजत नाही. टोकाकडे पाठ हलकेच उतरत जाणारा त्याचा शिकारी चाकू आज जगभर नकलला जातो. 1970 मध्ये चाकू कारागिरांची संघटना, ‘नाइफमेकर्स गिल्ड’, उभी राहिली त्यातही तो पुढे होता.

ऐरणीवरचं काम मागे पडत असताना बिल मोरान या मेरीलँडच्या लोहाराने ते सावरलं. 1973 च्या गिल्डच्या प्रदर्शनात त्याने दमास्कस पात्यांचे चाकू मांडले आणि ती कशी करायची याची पुस्तिकाही फुकट वाटली. आपलं कसब असं खुलं करणारे कारागीर मला फार मोठे वाटतात. एक मात्र ध्यानात ठेवावं: हे दमास्कस म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेलं पातं. दक्षिण भारतात मुशीत वितळवून होणारं, पश्चिम आशियात दमास्कस म्हणून नावाजलेलं जुनं पोलाद वेगळं. ऑर्डर देताना नक्षीवर भुलू नये. त्यात कोणती पोलादं आहेत ते विचारावं.

1976 मध्ये मोरान आणि सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ ही पाती घडवणाऱ्या लोहारांची संस्था स्थापली. तिची परीक्षा कडक आहे. मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, दोन-बाय-चार (इंची मापाची) लाकडी फळी दोनदा तोडायची आणि त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं शिकंज्यात धरून 90 अंशांत वाकवतात. त्याचे तुकडे होता कामा नयेत. धार कडक आणि पाठ चिवट राहील असं पाणी दिलं असेल, म्हणजे पातं तसं तापवून थंड केलं असेल, तरच हे जमतं. पाणी कसं देता, हा प्रश्न म्हणूनच मी पोलादाच्या नावाआधी विचारतो.

रँडलकडे थेट ऑर्डर दिली तर आजही काही वर्षं थांबावं लागतं. ज्यांना घाई असते ते विक्रेत्याकडून जादा पैसे मोजून तयार चाकू घेतात. एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडे इसार देऊन वर्षानुवर्षं वाट बघणारी गिऱ्हाइकंही असतात. म्हणून बरेच कारागीर आता आगाऊ पैसे घेत नाहीत. नाव यादीत टाकतात, पाळी आली की कळवतात आणि चाकू तयार झाल्यावर पैसे मागतात. निवड हाती असेल तर नाव अशाच ठिकाणी नोंदवावं.