तीन मिलिमीटरांचा पराभव

‘रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.’ क्रीडापानावरचं हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. समाधान मानायला कोणी लावलं हे सोडा, पण पहिल्या-दुसऱ्यात फरक किती होता, हे तरी बातमीत लिहा.

1972चं म्युनिक ऑलिंपिक. 400 मीटर वैयक्तिक मिडले या पोहण्याच्या शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी, दोघांचीही वेळ शतांशापर्यंत सारखीच आली: 4 मिनिटं 31.98 सेकंद. मग दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा पाहिला गेला. लार्सन 31.981, मॅकी 31.983. सुवर्ण लार्सनला.

400 मीटर 272 सेकंदांत म्हणजे सेकंदाला साधारण 1.47 मीटर. त्याला 0.002ने गुणा. उत्तर जेमतेम 3 मिलिमीटर!

घड्याळ चोख होतं हो, पण तलावाचं काय? फरशी बसवलेल्या भिंती, त्यावर टांगलेले टचपॅड, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या पाट्या. प्रत्येक लेनची लांबी मिलिमीटरपर्यंत सारखी ठेवणं बांधकामात जमत नाही. नियमांतही लांबीला सूट असते, आणि ती सेंटिमीटरांत. समजा, मॅकीची लेन फक्त 1 मिलिमीटरने लांब असती (तशी होती असं मी म्हणत नाही), तर 50 मीटरच्या तलावातल्या आठ फेऱ्यांत तो 8 मिलिमीटर जास्त पोहला असता. आणि हरला 3 मिलिमीटरने.

इथे एक बारकावा मला फार आवडतो. चूक यादृच्छिक असती, म्हणजे दर फेरीला कधी कमी कधी जास्त, तर आठ फेऱ्यांत ती आठाच्या वर्गमुळाइतकी, सुमारे 2.8 पट झाली असती, कारण अधिक-उणे बरंचसं एकमेकांत जिरतं. पण भिंती जागच्या हलत नाहीत. तीच चूक दर फेरीला त्याच दिशेने लागते, म्हणून ती सरळ आठपट होते. घड्याळाला आणखी कितीही दशांश स्थळं जोडा, या चुकीला ते हात लावू शकत नाही. अशा वेळी ‘दुसरा’ या शब्दाला मोजमापाच्या भाषेत अर्थच उरत नाही.

पुढे नियम बदलला. पोहण्यात शतांशावर थांबायचं, बरोबरी झाली तर पदक दोघांना. 2016ला रिओत 100 मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, ल क्लो आणि चेह तिघंही 51.14वर आले, तिघांनाही रौप्य, कांस्य कुणालाच नाही.

धावण्यात अंतिम रेषा सगळ्यांना एकच, म्हणून तिथे सहस्रांश चालतो. 2024ला पॅरिसमध्ये 100 मीटरला नोआ लाइल्स 9.784, किशेन थॉम्पसन 9.789. सुमारे 5 सेंटिमीटर. हा फरक खरा आहे. पण अशा निकालानंतर ‘विजेत्याची मानसिकता’ शिकवणाऱ्यांचं पेव फुटतं, त्यांनी एकदा सांगावं, या 5 सेंटिमीटरांत मानसिकता किती आणि पुढे झुकलेली छाती किती? गंडेदोरे विकणारे निदान सहस्रांशाचा दावा करत नाहीत.

आणि ज्या रौप्यावर ‘समाधान’ मानायचं, त्याच धातूचं सुवर्णपदकही असतं: किमान 92.5 टक्के चांदी, वर 6 ग्रॅम सोनं. 1896ला अथेन्समध्ये तर पहिल्यालाच चांदी मिळाली होती.

मॅकी 1976ला मॉन्ट्रियलमध्ये याच शर्यतीत पुन्हा दुसरा आला. तेव्हाचा फरक मात्र तलावाच्या लांबीत लपण्यासारखा नव्हता.