बाराखडी संपल्यावरच वाचन? एक खुलासा

नागपुरात डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करणाऱ्या छात्राध्यापकांमध्ये आजही असा समज आढळतो की, सर्व मुळाक्षरे आणि बाराखडी तोंडपाठ झाल्याखेरीज पहिलीच्या मुलाला शब्द वाचायला देऊ नयेत. हा समज चुकीचा आहे. म, ग, र, न ही 4 अक्षरे ओळखणारे मूल मगर, नगर, गरम, गगन हे शब्द वाचू आणि लिहू शकते. काना शिकवला की राग हा शब्द आणि आपल्याच शहरातून वाहणाऱ्या नदीचे ‘नाग’ हे नावही त्याच्या आवाक्यात येते. बाराखडी धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘गी’ दाखवल्यास ते पुष्कळदा ‘ग, गा, गि’ असे पुटपुटत तिथवर पोहोचते, कारण त्याने चाल पाठ केलेली असते, चिन्ह नव्हे. म्हणून सराव पाठाच्या टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) अक्षरगट, त्यांतून होणारे शब्द आणि श्रुतलेखन एकत्र यावे. भिंतीवरचा तक्ता मात्र खुशाल राहू द्यावा.