स्टार्टअपमधील समस्या-निवारण

स्टार्टअपमधील समस्या-निवारण : कमाईची खात्रीची वाट अजून न सापडलेल्या नव्या कंपनीपुढील अडचणी निवडण्याची आणि सोडवण्याची संस्थापकांची कार्यपद्धती. निवड आधी लिहिली आहे ती मुद्दाम. जुन्या कंपनीत प्रत्येक अडचणीला एक खाते असते. इथे सगळ्याच संस्थापकाच्या टेबलावर येऊन पडतात, आणि शिल्लक पैसा किती महिने पुरेल याचा हिशेब, म्हणजे ‘रनवे’, डोक्यावर टांगलेला असतो.

त्यामुळे तूर्त कशाकडे दुर्लक्ष करायचे, हे आधी ठरवावे लागते. व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांच्या मर्यादा-सिद्धांतानुसार व्यवस्थेचा वेग तिच्यातील सर्वांत अरुंद जागेवर ठरतो. इतरत्र केलेली सुधारणा फारशी उपयोगी पडत नाही. आलेले ग्राहक महिनाभरात निघून जात असतील, तर जाहिरातीवर खर्च वाढवणे म्हणजे गळका रांजण भरत बसणे.

अरुंद जागा कोणती, हे आकड्यांवरून नेहमी कळत नाही. २००९ मध्ये एअरबीएनबी या, लोकांची घरे प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीची कमाई आठवड्याला सुमारे २०० डॉलरवर अडकली होती. संकेतस्थळावरील घरांचे फोटो वाईट आहेत, असे लक्षात आल्यावर संस्थापक न्यूयॉर्कला गेले, घरमालकांना भेटले आणि चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढले. कमाई लवकरच दुप्पट झाली. घरोघरी जाऊन फोटो काढणे हा कायमचा उपाय नव्हताच, पण दुखणे कुठे आहे ते त्यातून पक्के झाले.

मुळाशी जाण्यासाठी टोयोटातील ‘पाच वेळा का’ ही पद्धत वापरतात. तिथले अभियंते ताइइची ओनो यांनी दिलेले उदाहरण यंत्र बंद पडल्याचे आहे : फ्यूज उडाला, कारण भार वाढला, भार वाढला, कारण बेअरिंगला वंगण कमी पडले, पंप वंगण नीट ओढत नव्हता, पंपाचा दांडा झिजला होता, आणि गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला होता. नुसता फ्यूज बदलला असता, तर यंत्र पुन्हा बंद पडले असते. माणसांच्या कामाला ही पद्धत लावताना शेवटचे उत्तर म्हणून कुणाचे तरी नाव आले, तर चौकशी अर्धवट सुटली असे समजावे.

किती विचार करायचा, यासाठी ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रातील भेद सोयीचा आहे. काही निर्णय मागे घेता येतात, काही येत नाहीत. किंमत पुन्हा बदलता येते. सहसंस्थापकाला दिलेला हिस्सा परत मिळवणे महाकठीण. प्रत्यक्षात बोधचिन्हाच्या रंगावर आठवडा जातो आणि हिस्सेवाटप एका बैठकीत उरकते.

कधी उत्पादनच चुकलेले असते. मग वरचे सारे उपाय थिटे. टायनी स्पेक कंपनीने ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद केला. तो बनवताना आपसांतल्या संवादासाठी तयार केलेले साधन मात्र तिने ठेवले, आणि २०१३ मध्ये ते ‘स्लॅक’ या नावाने बाहेर आणले.