ठिपकेदार घोडा, रातांधळं शिंगरू

रातांधळेपणा म्हटलं की शाळेत घोकलेलं 'अ' जीवनसत्त्व आठवतं, गाजर आठवतं. पण अमेरिकेतल्या ॲपलूसा किंवा डेन्मार्कच्या नाबस्ट्रुपर जातीतली काही शिंगरं जन्मतःच रातांधळी असतात आणि गाडाभर गाजरं चारूनही त्यांना काडीचा फरक पडत नाही. दिवसा ती छान बागडतात. अंधार पडला की बुजतात, कुंपणावर आदळतात. पशुवैद्यानं बॅटरी मारून पाहिलं तर बुबुळ, भिंग, दृष्टिपटल सगळं ठणठणीत!

मग बिघडतं कुठे? दृष्टिपटलातल्या शलाका पेशी मंद उजेडात काम करतात. उजेड पडला की त्या रसायन सोडत असतील, असं आपल्याला वाटतं. घडतं नेमकं उलटं. अंधारात त्या ग्लुटामेट सतत सोडत असतात. उजेड पडला की सोडणं कमी करतात. पुढच्या द्विध्रुवी पेशीवर एमग्लूआर-६ हा ग्राहक असतो. ग्लुटामेट त्याला चिकटलेलं असेपर्यंत टीआरपीएम-१ या प्रथिनाचा दरवाजा बंद राहतो. ग्लुटामेट घटलं की दरवाजा उघडतो, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि उजेडाची खबर पुढे निघते. या शिंगरांत तो दरवाजाच जवळजवळ तयार होत नाही. शलाका पेशीनं प्रकाश पकडलेला असतो, खबर मात्र तिथेच विरते. इलेक्ट्रोरेटिनोग्राम, म्हणजे उजेडाला दृष्टिपटल देतं त्या विद्युत-प्रतिसादाचा आलेख, काढला तर प्रकाश पकडणाऱ्या पेशींची 'ए' लहर उमटते, तिच्यामागून यायची द्विध्रुवी पेशींची 'बी' लहर येत नाही. दिवसाच्या शंकू पेशींना वेगळ्या प्रकारच्या द्विध्रुवी पेशीही जोडलेल्या असतात, त्यांना हा दरवाजा लागत नाही. म्हणून दिवसा दिसतं. किती सुंदर रचना आहे ही!

दोष जनुकात आहे. टीआरपीएम-१च्या जनुकात एका रेट्रोव्हायरसचा (स्वतःची जनुकं यजमानाच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूचा) १३७८ अक्षरांचा तुकडा घुसून बसला आहे, हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्यामुळे जनुकाचं वाचन मध्येच तुटतं. हेच प्रथिन कातडीतल्या रंगपेशींतही असतं, म्हणून अंगावर ठिपके! बदललेल्या जनुकाची एकच प्रत मिळालेल्या घोड्याला रात्री दिसतं. दोन्ही प्रती मिळाल्या तर पांढऱ्या भागावर ठिपके फारच थोडे, किंवा नाहीतच, आणि रात्री अंधार.

आपल्याकडे घोडेबाजारात अंगावरचे भोवरे पाहून धन्याचं नशीब सांगतात. ती निव्वळ अंधश्रद्धा आहे. केसांच्या वळणाचा कुणाच्या नशिबाशी संबंध नाही. इथे रंगाचा डोळ्याशी संबंध खरा, कारण दोन्हीकडे प्रथिन एकच.

हा बदल माणसानं घोडा पाळण्याच्या आधीचा आहे. फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेत सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी ठिपकेदार घोडे रंगवलेले आहेत, आणि २०११मध्ये युरोपातल्या हिमयुगीन घोड्यांच्या डीएनएतही या बदलाची खूण सापडली.

यावर औषध नाही, पण दोष वयाबरोबर वाढतही नाही. अशा घोड्याला रात्री दिवा असलेल्या तबेल्यात ठेवावं, अंधारात त्यावर स्वारी करू नये. केसांच्या मुळांवरून जनुकाची चाचणी होते. एकेक प्रत असलेली नर-मादी जुळवली तर दर शिंगरामागे रातांधळेपणाची शक्यता चारात एक असते; पैदास करणाऱ्यानं चाचणी आधी करून घ्यावी.