गिटहबचे स्टार म्हणजे दर्जाची हमी नव्हे

नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) निवडताना अजूनही ऐकू येतं: ‘दहा हजार स्टार आहेत, घ्या बिनधास्त.’ चूक. स्टार म्हणजे गिटहबवरच्या एका खात्याने प्रकल्पाला दिलेली एक टिचकी. कोड न वापरताही देता येते, विकतही मिळते.

आकडा सोडा, तारखा बघा. गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागवायची सोय) प्रत्येक स्टारची वेळ काढता येते. दोन दिवसांत हजारो स्टार आणि मग शुकशुकाट, तर शंका घ्या. अर्थात, एखाद्या बातमीनेही अशी उसळी येते. म्हणून त्याच दोन दिवसांतली वीस-तीस खाती उघडा: एकाच सुमारास काढलेली, फोटो नाही, स्वतःचा कोड नाही? मग बहुधा माल विकतचा. त्यात फोर्क (इतरांनी घेतलेल्या कोडच्या प्रती) आणि इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी-सूचना) जेमतेम असतील तर संशय पक्का. डाउनलोडच्या आकड्यावरही भाळू नका. स्वयंचलित बिल्ड (कोडमधून प्रोग्राम आपोआप बांधण्याची प्रक्रिया) लायब्ररी पुन्हा पुन्हा उतरवून तो फुगवतात.