चित्रांकन चाचण्या (दुर्मिळ जनुकीय विकारांतील)

व्यक्तीला माणूस, घर किंवा झाड काढावयास सांगून त्या रेखाटनावरून तिच्या बौद्धिक विकासाचा वा भावस्थितीचा अंदाज घेण्याच्या पद्धती. त्यांचा उगम सामान्यतः अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांच्या १९२६ च्या चाचणीत मानला जातो. तथापि मुलांच्या चित्रांतील वयानुरूप टप्पे एबेनेझर कुक (१८८५) व कोर्रादो रिच्ची (१८८७) यांनी आधीच अभ्यासले असल्याने गुडइनफ यांना प्रमाणित गुणांकनाचे श्रेय देणे अधिक उचित ठरते. त्यांच्या पट्टीत (गुण देण्याच्या यादीत) ५१ घटक होते; दर चार गुणांना एक वर्ष धरून त्यात पायाभूत तीन वर्षे मिळवीत आणि मानसिक वय काढीत. भारतीय मुलांसाठी तिचे रूपांतर प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केले. चित्रातून व्यक्तिमत्त्व वाचण्याचा प्रघात जॉन बक (१९४८) व कॅरेन माखोव्हर (१९४९) यांच्यापासून रूढ झाला. मोठे डोळे म्हणजे संशयी वृत्ती यांसारखे अर्थ चित्रापेक्षा वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहातून येतात, हे चॅपमन दांपत्याने १९६७ मध्ये दाखविल्यानंतर हा वापर बराच संशयास्पद झाला.

दुर्मिळ विकारांत मुख्य प्रश्न असा की, रेषेतील उणीव बुद्धीची, दृष्टी-अवकाश जाणिवेची (वस्तूंची जागा व परस्पर मांडणी ओळखण्याची) की हाताची. विल्यम्स लक्षणसमूहात सातव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील सुमारे २५ ते २८ जनुकांचा खंड गळालेला असतो. अशी व्यक्ती हत्तीचे रसाळ वर्णन करते, पण तिने काढलेल्या हत्तीची सोंड, कान व पाय कागदावर सुटेसुटे पडलेले असतात, असे भाषा व मेंदूच्या अभ्यासक उर्सुला बेलुगी यांच्या अभ्यासांतून प्रसिद्ध झाले. बर्ट्रंड, मर्व्हिस व सहकाऱ्यांनी मात्र १९९७ मध्ये ही चित्रे विचित्र नसून नेहमीच्याच क्रमाने, पण विलंबाने विकसित होतात, असे मांडले. एकाच व्यक्तीची चित्रे काही वर्षांच्या अंतराने पाहिली तरच हा भेद उलगडतो, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही मतांनुसार, केवळ चित्रावरून काढलेले मानसिक वय अशा व्यक्तीच्या भाषिक क्षमतेवर अन्याय करते. रेट लक्षणसमूहात (मुख्यतः मुलींमधील मेंदूविकासाच्या विकारात) हातांचा हेतुपूर्ण वापरच लोपतो, तर ड्यूशेन स्नायूक्षयात (मुख्यतः मुलांमध्ये स्नायू क्रमाने दुबळे होत जाणाऱ्या विकारात) पुढे हाताचे बळ घटते. तेथे या चाचण्या गैरलागू किंवा दिशाभूल करणाऱ्या ठरतात.

ठाणे परिसरात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. वारली भित्तिचित्रांत माणसाचे धड टोकाशी टोक जुळलेल्या दोन त्रिकोणांचे आणि हातपाय एकेरी रेषांचे असतात. गुडइनफ यांच्या पट्टीत मात्र हातपायांना जाडी दाखविल्यास गुण मिळतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील मुलाने घरच्या भिंतीवरची रीत गिरविली, तर ती मंदत्वाची खूण समजली जाण्याची शक्यता राहते. म्हणून मुलाने आधी काय काढले, कोठे थांबले आणि रेखाटताना काय बोलले, याची नोंद गुणांइतकीच महत्त्वाची ठरते. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनासाठी नवी मुंबईत खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे.